खाल्ल्या मिठाचे इमान : नोकरी आणि मतस्वातंत्र्य

मराठीत ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार फार जुना आहे. परंतु ते मीठ कोणाचे, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला गेला आहे. शिलेदार-बारगिरांच्या काळी तो विचारण्याचे कारणही नव्हते. ज्याच्या पदरी चाकरी तोच धनी, तोच पोशिंदा आणि रणांगणी पुढे असणाराही तोच. इमान कोणीकडे वळवावे याविषयी संदेह उत्पन्न होत नसे. इंग्रजी अमदानीत चाकरीचे रूप पालटले. गढीवरून व छावणीतून निघून ती कचेरीत, न्यायालयात आणि शाळेत आली. वेतन सरकारी खजिन्यातून मिळू लागले, तो खजिना रयतेच्या साऱ्याने भरू लागला, आणि ज्याच्या हातून वेतन मिळते तो व ज्याच्या घामातून ते निर्माण होते तो, हे दोघे भिन्न झाले. नोकराने राजकीय मत बाळगावे काय, बाळगलेच तर बोलून दाखवावे काय, आणि दाखवायचे तर कोणत्या स्थळी, हा वाद या भेदातून जन्मास आला.

हा वाद आजही मिटलेला नाही. तो नियमावलीच्या कलमांतून सोडविण्याचा यत्न नेहमी होतो. परंतु आमच्या मते त्याचे उत्तर कलमांपेक्षा इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मराठी लेखक, न्यायाधीश व शिक्षक यांनी त्याला प्रत्यक्ष आचरणाने उत्तरे दिली आहेत. कोणी टोपणनाव घेतले, कोणी खुर्चीवर राहूनच बोलले, कोणी राजीनामा दिला. या तिन्ही मार्गांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

पहिला मार्ग गोपाळ हरि देशमुख यांचा. १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रातून त्यांची ‘शतपत्रे’ प्रसिद्ध झाली. पत्रे वस्तुतः एकशे आठ; नाव मात्र शतपत्रे, आणि खाली सही ‘लोकहितवादी’ अशी. देशमुख त्या वेळी पंचविशीतले तरुण व सरकारी नोकर होते. पुढे न्यायखात्यात चढत जाऊन न्यायाधीशाच्या पदास पोचले. या पत्रांत इंग्रजी राज्याची स्तुती पुष्कळ आहे, हे खरे. तथापि या देशाच्या लोकांनी राणीकडे अर्ज करून पार्लमेंट मागावे, हाही विचार त्यांत आहे, आणि तो काँग्रेस स्थापन होण्याच्या पस्तीसाहून अधिक वर्षे आधीचा आहे.

मग टोपणनाव कशासाठी? सरकारची भीती हे त्याचे एक कारण असू शकेल. पण पत्रांचा रोख पाहिला तर दुसरे कारण अधिक बळकट दिसते. त्यांतील प्रखर टीका इंग्रजांवर नसून स्वजनांवर, स्वजातीवर, भिक्षुकीवर व आळसावर आहे. याचा अर्थ असा की, नोकराला धनी दोन असतात : एक वेतन देणारा आणि दुसरा पंक्तीला बसवून घेणारा. पहिल्याची शिक्षा बदली किंवा बडतर्फी. दुसऱ्याची वाळीत टाकणे. मतस्वातंत्र्याचा विचार करताना आपण बहुधा पहिल्या धन्याचाच विचार करतो आणि दुसऱ्याला विसरतो. वस्तुतः कचेरीत, कारखान्यात व शिक्षकांच्या खोलीत ज्या भीतीने माणसे गप्प बसतात, ती पुष्कळदा वरिष्ठांची नसून शेजारच्या खुर्चीची असते.

टोपणनावाने विचार वाचला, हा त्याचा लाभ. परंतु त्याची मर्यादाही उघड आहे. जो नाव देत नाही त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या म्हणण्याचा पुरावा मागता येत नाही. लोकहितवादींची विद्वत्ता व कळकळ अशी होती की त्या नावाआडचे बोलणे जबाबदारीचेच राहिले. सर्वांच्या ठिकाणी ते तसे राहत नाही. निनावी पत्र हे आपल्याकडे किती वेळा विचाराचे वाहन असते आणि किती वेळा केवळ द्वेषाचे, याचा अनुभव ज्याने संस्था चालविली आहे त्याला वेगळा सांगावयास नको.

दुसरा मार्ग न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा. हा सर्वांत अवघड, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद. मताची किंमत मोजण्याचा प्रसंग रानड्यांवर विद्यार्थिदशेतच आला. एल्फिन्स्टन कॉलेजात असता एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजी राज्याला अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. येथे गुरू विद्वान होता, शिष्यावर त्याचा लोभही होता. तरीही उत्तर पुराव्याने न देता शिष्यवृत्ती थांबवून दिले गेले. हातात अधिकार असलेल्या माणसाला वाद घालण्यापेक्षा हा उपाय नेहमीच सोपा वाटतो.

१८७१ साली रानडे पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी यांच्या उद्योगाने सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. पुढील वर्षांत सभेच्या अर्जांमागील, दुष्काळाच्या काळातील चौकशीमागील आणि १८७८ पासून निघालेल्या त्रैमासिकामागील बुद्धी बव्हंशी रानड्यांची होती. लेखांवर नाव नसे, पण ते कोणाचे हे पुण्यात सर्वांस ठाऊक होते, आणि सरकारासही. म्हणून ही गुप्तता लोकहितवादींच्या जातीची नव्हती. रानडे लपले नव्हते. पदाचा शिक्का मात्र ते आपल्या मतावर मारू देत नव्हते. न्यायासनावरून दिलेल्या निकालाचा आधार कायदा, आणि सभेच्या लेखाचा आधार आकडे व अनुभव, असा भेद त्यांनी कटाक्षाने पाळला.

याचे फळ काय मिळाले, ते प्रसिद्ध आहे. त्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ च्या सुमारास वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे हादरले. त्याच वर्षी मे महिन्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आग लागली. आणि रानड्यांना तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांचा टपाल-व्यवहार तपासला जात असे, आणि बंडखोरांच्या नावाची बनावट पत्रे पाठवून त्यांची परीक्षा पाहिली जाई, हे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून कळते. रानड्यांनी ती पत्रे पोलिसांकडे धाडून दिली. संशयाने ते चिडले नाहीत, आणि भ्यालेही नाहीत. पुढे सरकारलाच आपला संशय सोडावा लागला. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा नोकरीत असूनही ते तेथे उपस्थित होते. आणि १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

रानड्यांच्या चरित्रातून एक कसोटी हाती लागते. ज्या न्यायाधीशाची राजकीय मते साऱ्या प्रांताला ठाऊक होती, त्याच्या निकालावर त्या मतांची छाया पडल्याचा आरोप त्याच्या विरोधकांनाही टिकविता आला नाही. याचाच अर्थ, नोकराला मत असणे आणि नोकरीच्या कामात ते मत मिसळणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत व भिन्न ठेवता येतात. जी नियमावली हा भेद मानीत नाही ती प्रामाणिक नोकराला मुका करते, आणि अप्रामाणिकाला काहीच करीत नाही. कारण तो बोलत नसतो, केवळ कामातून पक्षपात करीत असतो.

तिसरा मार्ग विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. सरकारी शाळेतील शिक्षक असतानाच त्यांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली. पुढे त्यांची रत्नागिरीस बदली झाली. ती लिखाणामुळेच झाली, असा समज रूढ आहे. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत टिळकांच्या साहाय्याने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर पुढे त्यांस येऊन मिळाले. दुसऱ्याच्या शाळेत मत मांडता येत नाही, तर आपली शाळा काढू, असे हे सरळ व तेजस्वी उत्तर होते. त्यांचा ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंध सरकारने १९१० साली जप्त केला व ती बंदी १९३७ साली उठली. नोकरी सोडलेल्या माणसाचे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनीही सत्तेला टोचत होते, यावरून त्या उत्तराचे बळ कळते.

परंतु आपली शाळा काढल्याने प्रश्न सुटतो काय? पुढील इतिहास सांगतो की तो केवळ घर बदलतो. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावरील लेखांबद्दल टिळक व आगरकर या दोन शिक्षकांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर त्यांनी विसंबून लिहिले ती बनावट निघाली, आणि तसे दिसून येताच त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली होती. हेतू निर्मळ असला तरी पुराव्याची जबाबदारी सुटत नाही, हा धडा नव्या शाळेच्या प्रारंभीच मिळाला.

त्याहून मोठा धडा पाच वर्षांनी मिळाला. समाजसुधारणेच्या प्रश्नावर टिळक-आगरकरांची मते इतकी दुभंगली की १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले व १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. आजीव सभासदांनी संस्थेबाहेरचे उद्योग किती करावेत, हा त्या वादातील एक मुद्दा होता. सरकारपासून स्वतंत्र अशा, ध्येयवादी माणसांनी उभारलेल्या संस्थेतही हाच प्रश्न उभा राहिला. पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. लोकहितवादी ज्या दुसऱ्या धन्याला भ्याले तो हाच. आगरकरांनी मात्र ना कॉलेज सोडले, ना लेखणी. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यापन व मत या दोहोंशी त्यांनी इमान राखले. ज्या संस्थेने हे सहन केले तिचाही त्यात गौरव आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू : मीठ कोणाचे? याचे स्पष्ट उत्तर या मंडळींपैकी कोणी दिले नाही. ते दिले महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. हा युक्तिवाद शिक्षणाच्या वाटणीविषयी होता, हे खरे. पण त्याच्या पोटात आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. खजिना रयतेचा असेल तर त्यातून वेतन घेणारा प्रत्येक न्यायाधीश, कारकून व शिक्षक रयतेचे मीठ खातो. मग सरकारच्या चुकीविषयी रयतेला सत्य सांगणे ही मिठाला बेइमानी कशी होईल? उलट ती लपविणे हीच बेइमानी होय.

परकी सत्तेला हे मान्य होणे शक्य नव्हते. वंगभंगानंतरच्या चळवळीत शाळा-कॉलेजे धुमसू लागली तेव्हा १९०७ च्या मे महिन्यात हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव सर हर्बर्ट रिस्ले यांच्या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक निघाले. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी राजकीय चळवळीत पडू नये, पडल्यास संस्थेची मान्यता व अनुदान धोक्यात येईल, हा त्याचा आशय. दंड एका शिक्षकाच्या मताबद्दल, आणि तो भोगावयाचा साऱ्या शाळेने, ही त्यातील मेख होती. सहकाऱ्यालाच सहकाऱ्याचा पहारेकरी करण्याचा हा उपाय होता.

त्या काळाची झळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या चरित्रात दिसते. ‘ग्रंथमाला’ मासिकाने त्यांनी मराठी वाचकांची मोठी सेवा केली. कॉलेज सुटल्यावर ते राष्ट्रीय शिक्षणाकडे वळले आणि त्यांचे समर्थ विद्यालय तळेगावी नावारूपास आले. ‘विश्ववृत्त’ मासिकातील एका लेखाबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला; लेख श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा होता. १९१० मध्ये सरकारने समर्थ विद्यालयही बंद पाडले. चिपळूणकरांच्या वेळी ‘आपली शाळा’ हे आश्रयस्थान होते. तीस वर्षांत तेही उरले नाही.

याच मालिकेत साने गुरुजींचा राजीनामा येतो. अमळनेरच्या शाळेत ते १९२४ पासून शिक्षक होते. १९३० चा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांनी शाळा सोडली आणि मग ते चळवळीत उतरले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शाळेत राहूनही आपल्या मागे येतील अशी मुले त्यांच्याजवळ पुष्कळ होती. परंतु तुरुंगाची वाट धरावयाची ती वर्गाचा निरोप घेऊनच, असे त्यांनी ठरविले. मुलांवरील आपल्या प्रभावाची जाणीव ज्याला असते, तोच तो प्रभाव जपून वापरतो.

येथवरचा इतिहास पुणे-मुंबईकडचा झाला. ज्या मुलुखात आम्ही शिक्षकी करतो त्याचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. १९१६ च्या एप्रिल महिन्यात बेळगावास भरलेल्या प्रांतिक परिषदेच्या वेळी टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, आणि १ मे रोजी त्यांचे तेथे भाषण झाले. या व अहमदनगरच्या भाषणांवरून त्यांच्याकडे वीस हजार रुपयांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. त्या वर्षीच्या ९ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. राजाचे अधिकारी म्हणजे राज्य नव्हे, अधिकाऱ्यांच्या कारभारावर टीका करणे म्हणजे राजद्रोह नव्हे, हा टिळकांचा युक्तिवाद. आणि तो ज्या भाषणांच्या निमित्ताने न्यायालयापुढे टिकला त्यांतील एक बेळगावचे होते. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली याच गावी काँग्रेस भरली. आणि १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावास भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. साहित्यसेवकांनी राजकीय मत मांडावे की नाही, याचा निर्णय त्या दिवशी या भूमीवर झाला. त्या मंडपात बसलेल्यांत शिक्षक थोडे नसणार, हे अशा संमेलनांचा परिचय असलेल्यांना सांगावे लागू नये.

स्वातंत्र्याने प्रश्नाचे स्वरूप बदलले, पण तो संपला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालाने बेळगाव शहर म्हैसुराकडे ठेवले, निपाणी व खानापूर महाराष्ट्रास द्यावे असे सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मधल्या काळात १९८१ चा गोकाक समितीचा अहवाल आणि १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन होऊन गेले. त्या आंदोलनात या भागात रक्त सांडले. १ नोव्हेंबर हा दिवस येथे दोन परींनी पाळला जातो : शासनाचा व कन्नड समाजाचा तो राज्योत्सव, आणि मराठी चळवळीचा तो काळा दिन.

अनगोळ हे एके काळी बेळगावच्या दक्षिणेचे शेतकऱ्यांचे गाव. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीतले दाट वस्तीचे उपनगर आहे. शेजारीच उद्यमबागेतील ओतशाळा व यंत्रशाळा. तेथे काम करणारा मराठी कामगार आणि कन्नड कामगार एकाच भट्टीपाशी घाम गाळतात, आणि चहाच्या सुटीत सीमाप्रश्नावर भांडूनही पुन्हा एकत्र भट्टीकडे वळतात. कारण ओतीव रस कोणाच्या मतासाठी थांबत नाही. शिक्षकाची स्थिती त्याहून नाजूक आहे. त्याचे वेतन बहुधा शासनाच्या तिजोरीतून किंवा अनुदानातून येते, आणि त्याचा विषय भाषा हाच असतो. मराठी शाळेत मराठीतून पुस्तके वेळेवर मिळावीत, असे म्हणणे हे अध्यापकाचे मत की राजकारण? अन्यत्र हा प्रश्नच पडणार नाही. सीमाभागात मात्र शिक्षणविषयक मतालाच राजकीय मताचा रंग चढतो, आणि या रंगाच्या भीतीने शिक्षक आपल्या व्यवसायाविषयीही बोलेनासा होतो. ही आमच्या मते या प्रश्नातील खरी हानी आहे.

वास्तविक राज्यघटनेची दिशा या भीतीला अनुकूल नाही. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घातलेले ३५०अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीविषयी राज्यांना सांगते. त्याची मागणी करणारा शिक्षक घटनेचाच आधार घेत असतो. १७१ व्या कलमाने विधानपरिषदेच्या सुमारे एक-बारांश जागा निवडून देण्याचा अधिकार माध्यमिक व त्यावरील शाळांतील शिक्षकांना दिला आहे. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत तो चालतो. ज्याला राजकीय मत असूच नये, त्याच्यासाठी स्वतंत्र मतदारसंघ कोण निर्माण करील? सरकारी नोकरांविषयीचे नियम कडक आहेत : केंद्राच्या १९६४ च्या नियमांत राजकीय पक्षाचे सभासदत्व निषिद्ध असून सरकारच्या धोरणावर जाहीर टीकेसही मज्जाव आहे. तथापि १९६२ साली कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोकरीत शिरल्याने मनुष्य आपले मूलभूत हक्क उंबऱ्याबाहेर ठेवून येत नाही. निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम त्या न्यायालयाने रद्द ठरविला, आणि संपाचा हक्क मात्र मान्य केला नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील पिकरिंग नावाच्या शिक्षकाने शाळेच्या निधीच्या विनियोगावर टीका करणारे पत्र वृत्तपत्रास धाडले, म्हणून त्याला काढून टाकण्यात आले. १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निर्णय दिला. शाळेचा पैसा कसा खर्च व्हावा याविषयी माहितीचे मत देणारा शिक्षकाहून दुसरा कोण, असा त्यामागील विचार. सीमाभागातील शिक्षकाने हा निर्णय ध्यानात ठेवावा. ज्या विषयात आपण जाणते आहोत त्याविषयी बोलणे हा केवळ हक्क नव्हे, ते कर्तव्य आहे.

परंतु हक्काची बाजू मांडून येथेच थांबणे हे अर्धे सत्य सांगणे होईल. १९१७ च्या नोव्हेंबरात म्यूनिक येथे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिले. सभेत बोलणाऱ्याला श्रोता उलट उत्तर देऊ शकतो; वर्गात तो गप्प बसण्यास बांधलेला असतो; म्हणून अध्यापकाने व्यासपीठावरून आपले राजकारण शिकवू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच जर्मनीत १८३७ साली गटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी, त्यांत ग्रिम बंधूही होते, हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केल्याचा निषेध केला व नोकरी गमावली. त्यांचे म्हणणे होते की घटनेशी एकनिष्ठ राहण्याची आम्ही शपथ घेतली आहे. शपथेशी खेळणारी माणसे म्हणून आम्ही विद्यार्थ्यांपुढे कोणत्या तोंडाने उभे राहू? वरवर पाहता वेबर शिक्षकाला आवरतात आणि गटिंगेनचे सात जण बंड करतात. खोल पाहिले तर दोहोंचे मूळ एकच : विद्यार्थ्याशी इमान. त्याच्यापुढे खोटे ठरू नये म्हणून ते बोलले. आणि त्याच्या असहायतेचा लाभ घेऊ नये म्हणून वेबर शिक्षकाला थांबावयास सांगतात.

मिठाचा हिशेब येथे पुरा होतो. सरकारी नोकर रयतेचे मीठ खातो, म्हणून रयतेपुढे त्याने खरे बोलावे. शिक्षक त्याहून विशेष असे विद्यार्थ्याचे मीठ खातो, म्हणून वर्गात त्याने स्वतःला आवरावे. हा आवर नियमावलीच्या भीतीने घातलेला नाही. तो नियमावलीहून कडक आहे. शासनाला अनुकूल असलेले मत वर्गात सांगितले तर नियमावली हरकत घेणार नाही. हा आवर मात्र त्यालाही हरकत घेतो. सीमाप्रश्नाचा धडा वर्गात निघाला तर महाजन अहवालात काय आहे, महाराष्ट्राची हरकत काय, कर्नाटकाचे म्हणणे काय, हे तिन्ही सारख्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विद्यार्थ्याला प्रश्न विचारता आला पाहिजे; आणि शिक्षकाच्या मताविरुद्ध उत्तर लिहिले तरी आपला गुण कापला जाणार नाही, असा विश्वास त्याला वाटला पाहिजे. सर अलेक्झांडर ग्रँट यांनी शिष्यवृत्ती थांबवून जे केले, ते लाल पेन्सिलीने करण्याचा मोह आपल्यालाही होऊ शकतो.

हाच न्याय शिक्षकांच्या खोलीसही लागू आहे. ज्या मुख्याध्यापकाच्या शेऱ्यावर दुसऱ्याची नोकरी व बढती अवलंबून असते, त्याचे मत हे केवळ मत राहत नाही. ते ऐकणाऱ्यास हुकमासारखे वाटते. अधिकार जितका मोठा तितके बोलणे सावध, आणि हाताखालच्याचे बोलणे जितके कडू तितके ऐकणे शांत, असा नियम आम्ही अधिकारपदावरच्या माणसांनी पाळावयास हवा. शिपायाने निवडणुकीविषयी काही म्हटले आणि मुख्याध्यापकाने तेच म्हटले, तर शब्द सारखे असूनही त्यांचे वजन सारखे नसते.

आणि अखेरची कसोटी सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच असली पाहिजे. बेळगाव-निपाणीच्या मराठी शिक्षकासाठी जे स्वातंत्र्य आपण मागतो, तेच अक्कलकोट-जतच्या कन्नड शाळेतील शिक्षकास महाराष्ट्रात असावे, असे मनापासून म्हणता आले तरच आपली मागणी तत्त्वाची. नाही तर ती केवळ पक्षाची. रानड्यांनी न्यायासन व सभा यांत राखलेला भेद, आगरकरांनी एकाकीपणी राखलेला निर्भयपणा आणि साने गुरुजींनी वर्गाचा निरोप घेताना दाखविलेला विवेक, हा तिहेरी वारसा कोणत्याही एका राज्याचा नाही. तो मराठी शिक्षकाचा आहे. अनगोळच्या शाळेतला मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड ऐकतो आणि परीक्षेत दोन्ही लिहितो. त्याच्यापुढे उभे राहणाऱ्या शिक्षकाने गावात आपले मत निर्भयपणे मांडावे, आणि वर्गात त्या मुलाला स्वतःचे मत घडविण्यास मोकळे ठेवावे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान म्हणतात ते हेच.